पहिल्या पगाराच्या आधी: कॉलेजातच उरकून ठेवायची कामं

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं, म्हणजे संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत, नव्या ट्रेनींची बॅच येते. दहा-बारा पोरं-पोरी असतात. कुणी जिंतूरची, कुणी उदगीरची, कुणी भोकरदनची. पहिल्या पंधरवड्यात त्यातला एक तरी गायब होतो. फोन लावावा तर उचलत नाही. चौथ्या खेपेला उचलतो आणि म्हणतो, "येऊलालो सर, रस्त्यातच हाय." संध्याकाळी कळतं की आजीला दवाखान्यात ठेवलंय आणि हा रात्रीच्याच एसटीनं गावाकडं गेलाय. कारण खरं असतं. मागितली असती तर सुट्टीही मिळाली असती. पण त्याच्या जागेवर माणूस नाही हे आम्हाला शिफ्ट सुरू झाल्यावर कळतं, आणि तोवर लाइन थांबलेली असते.

मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातला. मेकॅनिकल केलं, वाळूजला लागलो, आता ट्रेनी सांभाळायचं काम माझ्याकडं आहे. इतक्या बॅच पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: आपली पोरं कामाला कमी पडत नाहीत, कळवायला कमी पडतात. ‘प्रोफेशनल’ म्हटलं की टाय आणि फाडफाड इंग्रजी डोळ्यापुढं येतं. मी त्याचा अर्थ फार साधा धरतो. आपल्यामुळं कुणाचं काम अडणार असेल, तर ते अडायच्या आधी त्याला कळलं पाहिजे.

हे घरी शिकायला मिळत नाही याला कारण आहे. मराठवाड्यात विद्यापीठ आलं १९५८ साली. त्याआधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. खेड्यापाड्यातल्या कितीतरी घरांत आजही पगारपत्रक बघणारा पहिला माणूस तुम्हीच असता. वडिलांना आडत, बियाणं, पीककर्ज सगळं कळतं, पण पीएफचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा, नंबर म्हणजे काय हे त्यांनी तुम्हाला कुठून सांगावं? म्हणून हे क्रमानं लिहितोय. पदवीचं दुसरं वर्ष चालू असेल तर पहिल्यापासून वाचा. ऑफर लेटर हातात पडलं असेल तर सरळ पगाराच्या भागावर जा.

पहिलं काम: सगळीकडं नाव एक करा

कंटाळवाणं आहे, पण जॉइनिंगच्या दिवशी सर्वांत जास्त पोरं इथंच अडकतात.

तुमचं दहावीचं मार्कशीट, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक समोर मांडा. आडनाव आधी की नंतर, हा फरक बहुधा चालून जातो. स्पेलिंगचा चालत नाही. वडिलांच्या नावात आधारवर एक ‘ए’ जास्त, पॅनवर आडनावच गायब, बँकेत नुसती इनिशियल, असा खेळ निघतोच. पीएफचा बारा आकडी नंबर, म्हणजे यूएएन, आधारशी जुळल्याशिवाय नीट चालत नाही. तो जुळला नाही की पैसे अडकतात, आणि ते सोडवायला पुढं महिने जातात.

दहावीचं मार्कशीट पाया धरा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवा. सुरुवात आधारपासून करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा सेंटरवर भरलेला अर्ज सबमिट होण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी अक्षर न् अक्षर वाचा. आमच्या पिढीत गुरुजींच्या कृपेनं निम्मा वर्ग जूनमध्येच जन्मला होता. तुमचं तसं नसावं, तरी तारीख बघाच. आधारनंतर पॅन, त्यानंतर बँक. दहावीच्या मार्कशीटवरच चूक असेल तर बोर्डाकडं शाळेमार्फत जावं लागतं. ते काम शेवटच्या वर्षाला नेऊ नका.

मग सगळी कागदपत्रं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि डिजिलॉकरही उघडा. फाइलला नाव द्या: तुमचं नाव, कागदाचं नाव. ‘स्कॅन००३४’ नावाची फाइल उघडून बघायला एचआरला वेळ नसतो. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. एटीकेटी, म्हणजे विषय राहून पुढच्या वर्षात गेलात, अशी लागली असेल तर कुठल्या सेमिस्टरला, किती विषय आणि कधी निघाले हे एका कागदावर लिहून ठेवा. विचारतात, आणि तिथं अडखळलं की लपवतोय असं वाटतं.

ईमेल आयडी नाव-आडनावाचा काढा. ‘रॉयल’, ‘किंग’, ‘अॅटिट्यूड’ वगैरे गावाकडच्या ग्रुपपुरतं राहू द्या.

दुसरं काम: सराव वर्गातच करा

कॉलेज संपल्यावर माणूस एका रात्रीत बदलत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याची फाइल उतरवून काढणारा पोरगा कंपनीत रिपोर्टही तसाच उतरवतो. तेव्हा सबमिशन, प्रॅक्टिकल, गॅदरिंग हीच तालमीची जागा समजा. इथं चुकलं तर फार तर सर ओरडतील, पगार कापला जाणार नाही.

निरोप देण्यापासून सुरुवात करा. विभागप्रमुखांना पोरं असा मेसेज टाकतात:

"सर"

मग दहा मिनिटं शांतता. मग "सर मी उद्या येऊ शकत नाही". मग रात्री अकराला "सर???".

आता त्या सरांकडं चार वर्गांची दीडशे पोरं आहेत आणि त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही. त्यांनी काय ओळखायचं? हाच निरोप असा जायला हवा:

"नमस्कार सर. मी रोल नंबर ४२, थर्ड इयर मेकॅनिकल, बी बॅच. उद्या मंगळवारी घरी सोयाबीनची मळणी आहे, मशिन उद्याचंच मिळालंय, त्यामुळं मला प्रॅक्टिकलला येता येणार नाही. गुरुवारी ए बॅचसोबत बसून तेच प्रॅक्टिकल करू का? फाइल बुधवारपर्यंत पूर्ण करून आणतो."

कोण, कधी, कशामुळं आणि त्यावर माझा उपाय काय, सगळं एकाच निरोपात आलं. सरांना फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचंय. मळणीचं कारण लाजून ‘तब्येत बरी नाही’ करू नका. मराठवाड्यात मळणी म्हणजे काय हे सरांना तुमच्याहून जास्त ठाऊक असतं. शिवाय एकदा खोटं कारण दिलं की पुढच्या वेळी खरंही खोटं ठरतं.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये पाच नावं आणि दोन काम करणारे, हे नेहमीचंच. तुम्ही दोघांपैकी असाल तर बाकीच्या तिघांशी भांडण्यात वर्ष घालवू नका. पहिल्याच दिवशी कोण काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार हे ग्रुपवर लिहून टाका आणि दर शनिवारी कुठवर आलं ते विचारा. कंपनीत याला फार भारी नावं आहेत, काम मात्र हेच आहे. आणि तयार प्रोजेक्ट विकत आणू नका. आम्ही मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच टाकतो: "ही मोटर हीच का घेतली? दुसरी का नाही?" विकत आणणारा तिथंच गप होतो.

जाता जाता एक. लॅब असिस्टंट, ऑफिसातले काका, ग्रंथालयातल्या मॅडम यांच्याशी तुम्ही कसं बोलता, तसंच पुढं ऑपरेटरशी बोलाल. लाइनवर तीस वर्षं काढलेले मामा पोराला पहिल्या दोन वाक्यांत तोलतात. एकदा त्यांच्या मनातून उतरलात की मशिनचं गुपित कुणी सांगत नाही.

तिसरं काम: एक तरी काम हाताला असू द्या

पदवी सगळ्यांकडं असते. मी ट्रेनीच्या हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, देतो आणि बोल्टचा व्यास मोजायला सांगतो. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर हे पाठ असतं, पण वाचता येत नाही अशी पोरं दर बॅचला भेटतात. कॉमर्सवाल्यांनी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये महिनाभराच्या खऱ्या नोंदी घालून बघाव्यात; एखाद्या ओळखीच्या आडत दुकानदाराची वही मागितली तर तो खुशीनं देईल. कला शाखेच्या पोरांना एक्सेल नको असतं, पण दोनशे नावांची यादी तालुक्यानुसार लावून देता येणारा माणूस संस्थेला, वर्तमानपत्राला, सगळ्यांनाच लागतो.

नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, अभ्यासक्रमात आलंय. ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणायची पद्धत लगेच रुजली तीही बघतोय. शिक्का जरूर आणा, पण त्या दुकानात खरंच बसून आणा. शासनाच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं होतं. अशी योजना किंवा १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप जरूर घ्या, फक्त ती कायम नोकरी नव्हे हे घरी आधीच सांगून ठेवा. अप्रेंटिसला पीएफ लागू नसतो आणि मुदत संपल्यावर कंपनीनं घेतलंच पाहिजे असंही नसतं. घरच्यांनी गावभर पेढे वाटल्यावर हे सांगणं फार जड जातं.

इंग्रजीचं भूत सगळ्यांच्या मानगुटीवर असतं, म्हणून तेवढंच सांगतो. शॉपफ्लोअरवर मराठी-हिंदी चालते. लागतं ते मेल वाचणं, ड्रॉइंगवरच्या सूचना वाचणं आणि चार ओळींचा रिपोर्ट लिहिणं. रोज आपण काय केलं ते पाच ओळी इंग्रजीत लिहा, सहा महिने. बोलण्याच्या क्लासला पैसे भरण्यापेक्षा याचा उपयोग जास्त झालेला मी पाहिलाय.

मुलाखतीला जाताना

लातूरहून पुणं सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढं, नांदेडहून त्याहून लांब. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अंग आखडून, पहाटे वाकडला उतरून, पेट्रोल पंपावर तोंड धुऊन दहा वाजता मुलाखतीला बसलेली पोरं लगेच ओळखू येतात. एक दिवस आधी पोहोचा. गावचं कुणीतरी पुण्यात रूम करून असतंच. त्याला आठवडाभर आधी फोन करा आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. संभाजीनगरातच असेल तर आदल्या दिवशी गेटपर्यंत जाऊन या. वाळूज शहराच्या एका बाजूला, तर चिकलठाणा आणि शेंद्रा दुसऱ्या बाजूला जालना रस्त्यावर आहेत, आणि चुकीच्या एमआयडीसीत जाऊन उभा राहिलेला पोरगा मी एकदा पाहिलाय.

उशीर होतोय असं कळल्याक्षणी फोन करा. पोहोचल्यावर रेल्वेला शिव्या देऊन उपयोग नसतो.

"स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की वडिलांचा व्यवसाय, भाऊ-बहिणी, छंद क्रिकेट अशी यादी सुरू होते. त्याऐवजी तुम्ही केलेलं एक काम सांगा. गेल्या वर्षी एका पोरानं सांगितलं की घरच्या ठिबकचा फिल्टर वारंवार तुंबायचा म्हणून त्यानं तो कसा बदलला, किती खर्च आला आणि पहिल्यांदा काय चुकलं. आम्ही वीस मिनिटं फक्त त्याच्यावरच बोललो. येत नसलेल्या प्रश्नाला "माहीत नाही सर" म्हणा. थापा मारणाऱ्यापेक्षा तो बरा वाटतो, कारण उद्या मशिनवर तो विचारून काम करेल.

ऑफर लेटर आणि पगाराचं गणित

आधी एक सावधगिरी. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉप डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे असं काहीही मागणारी नोकरी ही नोकरी नव्हे. खरी कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नाही. मूळ मार्कशीट कुणाकडंही ठेवू नका. दाखवा आणि परत घ्या. बाँड, म्हणजे अमुक महिने नोकरी सोडणार नाही असा करार, असेल तर किती महिन्यांचा आणि मोडला तर किती रक्कम, या दोन ओळी सहीआधी शोधा.

आता ‘तीन लाखांचं पॅकेज’. गावात तीनला बारानं भागून पंचवीस हजार सांगितले जातात, आणि पहिल्या महिन्यात खात्यात एकवीस आले की वडील विचारतात, बाकीचे कुठं गेले? उत्तर असं: बेसिक १२,५०० धरू. कंपनीनं भरायचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,५००, आणि ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणाऱ्या रकमेची, तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ६००, हे दोन्ही त्या पंचवीस हजारांतच मोजलेले असतात. राहिले २२,९००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि प्रोफेशन टॅक्स २०० गेला की २१,२०० हातात. प्रोफेशन टॅक्स फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे होतात २,५००. महिलांना महाराष्ट्रात २५,००० पगारापर्यंत तो माफ आहे. मुलींनी स्लिपवर कापलाय का ते बघावं. बस आणि कँटीनचे पैसे यातून आणखी जातात. पॅकेजमध्ये ‘व्हेरिएबल’ असा शब्द दिसला तर ती रक्कम दरमहा मिळणार नाही असं समजून घरखर्च बसवा.

पगार महिना २१,००० किंवा त्याच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं. तुमचे ०.७५ टक्के कापतात, कंपनी ३.२५ टक्के भरते, आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे उपचार त्यात होऊ शकतात. त्यांची नावं पहिल्याच महिन्यात घाला. आई-वडिलांच्या दवाखान्यासाठी रात्रीतून पळणाऱ्या निम्म्या पोरांनी हे केलेलंच नसतं.

पहिले तीन महिने

खिशात मावेल अशी वही ठेवा. सांगितलेलं काम तिथंच लिहा आणि लिहिलेलं परत वाचून दाखवा: "सर, म्हणजे लॉट नंबर सातचे पन्नास नग, तीन वाजेपर्यंत, बरोबर?" मोबाइलमध्ये टिपून घेऊ नका. तुम्ही टिपताय की रील बघताय हे लांबून कळत नाही, आणि बऱ्याच प्लांटमध्ये फोन आत नेऊच देत नाहीत.

काम वेळेत होणार नाही असं दिसलं की मुदत संपायची वाट न बघता सांगा. तीनला द्यायचं असेल तर एक वाजता. एक वाजता सांगितलं तर मी दोन माणसं जोडून देऊ शकतो. तीन वाजता फक्त रागावू शकतो.

आता माझं सांगतो. पहिल्या नोकरीत आठवा-नववा दिवस असेल. माझ्या हातून मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं हत्यार, पडला. फार उंचावरून नाही, टेबलावरून. आजूबाजूला पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं. उचलला, फडक्यानं पुसला, डब्यात ठेवला आणि तोच वापरत राहिलो. तिसऱ्या दिवशी कस्टमरकडून लॉट परत आला. मायक्रोमीटर पूर्ण बंद केला तर शून्य दाखवायला हवं, तो ०.०३ दाखवत होता. रात्रभर बसून चारशे नग पुन्हा मोजले. माझ्यासोबत चार माणसं थांबली, त्यांची काहीही चूक नसताना. त्यातल्या एकाच्या पोरीचा दुसऱ्या दिवशी वाढदिवस होता. पहाटे चहा पिताना सुपरवायझर एवढंच म्हणाले, "पडला तवाच सांगितलं असतंस तर स्टोअरमधून दुसरा पाच मिनिटांत आणला असता की रे." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझ्या ट्रेनींना मी पहिल्याच दिवशी सांगतो, हत्यार पडलं, पीस बिघडला, चुकीचं बटण दाबलं, काहीही होवो, आधी मला येऊन सांगा. पहिल्या सहा महिन्यांतली चूक माफ आहे. झाकलेली नाही.

शिफ्ट सुटताना पुढच्याला हँडओव्हर देणं हाही निरोपच. मशिन कुठं थांबलं, काय अर्धवट राहिलं, काय तपासायचं, लॉगबुकात दोन ओळी. बस सुटेल म्हणून पळणारी पोरं इथंच मार खातात.

सुट्टी, सण आणि गाव

महालक्ष्म्या, पोळा, बहिणीचं लग्न, सोयाबीनची काढणी, सगळ्याला जायचंय आणि जायलाच हवं. लातूर-धाराशिवकडच्या पोरांना तर येळवशीला शेतात बसून आंबील-भज्जी खाल्ल्याशिवाय वर्ष सरल्यासारखं वाटत नाही. पण पुण्या-मुंबईच्या साहेबाच्या कॅलेंडरात येळवस नसते. ती मार्गशीर्ष अमावस्येला येते हे तुम्हाला जानेवारीतच ठाऊक असतं, मग अर्ज आदल्या संध्याकाळी कशाला? तीन आठवडे आधी द्या, त्या दिवशी तुमचं काम कोण बघणार त्याचं नाव लिहा, आणि दिवाळीत त्याच्यासाठी तुम्ही थांबा. मी दरवर्षी अशा दोघा-तिघांची सुट्टी न विचारता मंजूर करतो. एक जण दरवर्षी डब्यातून भज्जीही आणतो, तो भाग वेगळा.

अचानक निघावं लागलं तर फोन. लागला नाही तर मेसेज, आणि रूम पार्टनरला सांगून ठेवा. तीनपैकी एक तरी पोहोचतोच.

नोकरी सोडताना

पगाराच्या दुसऱ्या दिवशी गायब होणं ही वाळूजची जुनी रीत आहे. करू नका. राजीनामा लेखी द्या, नोटीस पिरियड लेटरमध्ये असेल तेवढा भरा, गेटपास आणि हत्यारं जमा करून सही घ्या, रिलीव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय शहर सोडू नका. पुढची कंपनी ते मागणार.

नव्या ठिकाणी जुनाच यूएएन द्या आणि पीएफ ट्रान्सफर करा. गाडीच्या डाउन पेमेंटसाठी तो काढून घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढला तर त्यावर कर लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. आमच्याकडं एक मामा आहेत, चार कंपन्या फिरलेले. दर वेळी पैसे काढले आणि दर वेळी नवा नंबर घेतला. आता रिटायर व्हायला अडीच वर्षं राहिलीत आणि मामा जेवणाच्या सुट्टीत आमच्या ट्रेनींजवळ बसून, त्यांच्या मोबाइलवर आपले जुने नंबर शोधत असतात.